इन्फ्रारेडसाठी वाइड लेन्स: आधी डाग बघा, मग शार्पनेस

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ठाण्यात घोडबंदर रोडला राहता. कॅननची जुनी क्रॉप सेन्सर (म्हणजे लहान सेन्सरची) डीएसएलआर ७२० नॅनोमीटरच्या फिल्टरवर कन्व्हर्ट करून घेतली आहे, म्हणजे सेन्सरपुढची अवरक्त (इन्फ्रारेड, डोळ्यांना न दिसणारा) प्रकाश अडवणारी काच काढून तिथे ७२०च्या पुढचाच प्रकाश आत सोडणारा फिल्टर बसवला आहे. येऊरचं जंगल आणि ठाणे खाडी हे विषय. किट लेन्सने काढलेल्या फोटोंत मधोमध फिकट गोल येतो. आता वाइड लेन्स घ्यायची आहे आणि तीन पर्याय डोळ्यांसमोर आहेत: १०-१८ मिमीची साधी झूम, एफ/२.८ची महागडी झूम (एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं छिद्र मोठं), नाहीतर १४ मिमीची मॅन्युअल प्राइम (झूम न होणारी, हाताने फोकस करायची). सेकंडहँड चालेल.

उत्तर आधीच सांगून टाकते, नाहीतर हे सगळं वाचून होईपर्यंत तुम्ही भलतीच ऑर्डर देऊन बसाल. १०-१८ घ्या. सेकंडहँडच घ्या. पण कॅमेरा बरोबर नेऊन, तुमच्याच बॉडीवर लावून, उन्हात तपासून घ्या. एफ/२.८ची झूम निदान या कामासाठी तरी नको. १४ मिमीचा मामला थोडा वेगळा आहे, त्याकडे शेवटी येते.

मी नौपाड्यात राहते. लग्न-मुंजीचे फोटो हे पोटापाण्याचं काम आणि इन्फ्रारेड हा नाद. नाद नवा होता तेव्हा मलाही वाटायचं, की जी लेन्स लग्नाच्या हॉलमधल्या अंधारात चोख काम देते ती भर उन्हात तर देईलच. म्हणून पहिला कन्व्हर्ट केलेला कॅमेरा हातात आल्या आल्या एक दणदणीत वाइड झूम घेतली. एफ/२.८, पुढची काच वाटीएवढी. ऑक्टोबरातली दुपार होती, आकाश धुतल्यासारखं. तलावपाळीला गेले, मासुंदा तलावाभोवती चक्कर मारून चाळीसेक फोटो काढले. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर सगळं झकास. घरी कॉम्प्युटरवर उघडले तर प्रत्येक फोटोच्या मधोमध पापडाएवढा फिकट गोल. काँट्रास्ट वाढवला की पापड आणखी फुलायचा. लेन्स परत करायला गेले तर दुकानदार म्हणाला, "ताई, खराबी दाखवा, आत्ता परत घेतो." दाखवणार काय? साध्या कॅमेऱ्यावर ती लेन्स अगदी निर्दोष होती. त्याचं काही चुकलं नव्हतं. न तपासता घेतली, हे माझंच चुकलं होतं.

या पापडाला इन्फ्रारेडवाले हॉटस्पॉट म्हणतात आणि लेन्स निवडताना बाकी सगळं याच्यानंतर. कोपरे थोडे मऊ आले तर चालतं, सरळ रेषा वाकल्या तर सॉफ्टवेअरमध्ये सरळ करता येतात, लेन्स अंधारात उपयोगाची नसली तरी आपल्याला ऊनच हवं असतं. पण मधला डाग आकाशात आला की फोटो गेला. तो नुसता उजळ नसतो, त्याचा रंगही आजूबाजूपेक्षा वेगळा असतो. ब्लॅक अँड व्हाइट करणार असाल तर काहीतरी डागडुजी होते. लाल-निळा चॅनल अदलाबदल करून निळं आकाश काढायचं असेल तर तोच डाग जांभळा होऊन वर येतो.

तो येतो कुठून, हे समजलं की तपासायचं काय ते आपोआप कळतं. लेन्सच्या काचांवरचं कोटिंग दृश्य प्रकाशासाठी, म्हणजे साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरच्या पट्ट्यासाठी बेतलेलं असतं. तेवढ्यात ते परावर्तन दाबून टाकतं. तुमचा कॅमेरा मात्र ७२०च्या पुढचाच प्रकाश घेतो, सिलिकॉनच्या सेन्सरला दिसतं तिथवर, म्हणजे हजार-अकराशे नॅनोमीटरपर्यंत. त्या पट्ट्यात तेच कोटिंग कधी निकामी ठरतं, कधी उलट जास्तच चमकतं. मग सेन्सरवरून उसळलेला प्रकाश लेन्सच्या मागच्या काचांवर आपटून पुन्हा सेन्सरकडे येतो आणि मधोमध साचतो. ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं छिद्र, उघडं असताना हा साचलेला प्रकाश फ्रेमभर पसरलेला असतो, म्हणून जाणवत नाही. ॲपर्चर लहान करत गेलात की तो आकसतो, त्याला कड येते आणि एफ/११, एफ/१६ला नाण्यासारखा ठसठशीत दिसायला लागतो. म्हणजे "ही लेन्स इन्फ्रारेडला चांगली" हे वाक्य अर्धवट आहे. कुठल्या एफ नंबरपर्यंत चांगली, ते विचारायचं.

दुसरं कारण लेन्सच्या नळीतला काळा रंग. एकदा कोर्ट नाक्यावर झाडांचे फोटो काढत होते आणि वकिलांचा घोळका फ्रेममधून गेला. फोटोत निम्म्यांचे काळे कोट राखाडी आणि दोघांचे तर जवळजवळ पांढरे! कापडाला दिलेले बरेचसे काळे रंग दृश्य प्रकाश शोषतात, अवरक्त प्रकाश मात्र खुशाल परतवतात. लेन्सच्या आतला काळा रंग किंवा ॲपर्चरच्या पात्यांवरचा मुलामा तसल्या कोटाच्या जातीचा निघाला, तर आपल्याला काळी वाटणारी नळी कॅमेऱ्याला पांढऱ्या पाइपसारखी दिसते. हे बाहेरून बघून कुणालाही सांगता येत नाही. कंपनीच्या माहितीपत्रकातही ते नसतं, कारण त्यांनी लेन्स या कामासाठी बनवलेलीच नसते.

एफ/२.८ झूमला मी नाही म्हणते ते यासाठी. तिच्यात काचा जास्त, म्हणजे प्रकाश उसळायला पृष्ठभाग जास्त. हा काही नियम नाही. काही महागड्या झूम स्वच्छ निघतात आणि तीन-चार हजारांची साधीसुधी प्राइमसुद्धा भला मोठा डाग देते. पण ज्या एफ/२.८साठी तुम्ही दुप्पट-तिप्पट पैसे मोजणार ते इन्फ्रारेडमध्ये तुम्ही वापरणारच नाही. वजन तेवढं वाहाल.

तुमच्या बॉडीसाठी माझ्या अनुभवातल्या दोन लेन्स सांगते. कॅननची ईएफ-एस १०-१८ एफ/४.५-५.६ आयएस एसटीएम, २०१४ साली आलेली. वजन जेमतेम २४० ग्रॅम, पुढचा फिल्टर ६७ मिमीचा. माझ्या बॉडीवर ती एफ/८पर्यंत स्वच्छ आहे. दुसरी तिच्या आधीची, २००४ची ईएफ-एस १०-२२ एफ/३.५-४.५. ती जड आहे, फिल्टर ७७ मिमीचा, स्टॅबिलायझर नाही. पण तिच्यावर अंतराची पट्टी आहे आणि इन्फ्रारेड करणाऱ्यांची ती जुनी भरवशाची लेन्स आहे. सेकंडहँडमध्ये यातली जी चांगल्या अवस्थेत मिळेल ती. निकॉनवाले हे वाचत असतील तर एवढंच लक्षात ठेवा, की एएफ-पी प्रकारच्या लेन्स काही जुन्या निकॉन बॉडींवर फोकसच करत नाहीत आणि कन्व्हर्ट करायला माणूस सहसा जुनीच बॉडी देतो.

वाईट लेन्सची यादी मी मुद्दामच देत नाही. इंटरनेटवर अशा याद्या पुष्कळ आहेत, त्या बघा, पण सुरुवातीपुरत्या. हॉटस्पॉट हे लेन्स आणि सेन्सर या जोडीचं भांडण आहे. तीच लेन्स एका बॉडीवर गुणी आणि दुसरीवर उनाड, हे मी स्वतः पाहिलं आहे. सेन्सरवर बसवलेली काच कोणती, किती जाड, किती परावर्तन करणारी, यावर खूप अवलंबून असतं. लग्नाआधी पत्रिका बघतात तशी यादी बघायची, पण मुलगा-मुलगी समोरासमोर भेटल्याशिवाय होकार द्यायचा नाही.

आता भेट कशी घडवायची ते सांगते, कारण लोक इथेच फसतात. दुकानात लेन्स लावली, दुकानातल्याच भिंतीचा फोटो काढला, डाग दिसला नाही, घेतली. पण दुकानात एलईडी दिवे असतात आणि पांढऱ्या एलईडीच्या प्रकाशात अवरक्त जवळपास नसतंच. तुमच्या कॅमेऱ्याला ते दुकान म्हणजे अमावास्या. आलेला फोटो काळपट, दाणेदार, त्यात डाग काय दिसणार? म्हणून लेन्स लावून दुकानाबाहेर रस्त्यावर या, ऊन असताना. उजळ, एकसारखी भिंत शोधा. भिंत नसेल तर सूर्याकडे पाठ करून आकाश. पावसाळ्यात जायची वेळ आली तर पिशवीत जुना ६० वॉटचा पिवळा बल्ब आणि होल्डर घेऊन जा. त्याचा बहुतेक प्रकाश अवरक्तच असतो. दुकानदार हसेल, हसू दे.

मॅन्युअल मोडवर ठेवा आणि फोकस थोडा बिघडवा, म्हणजे भिंतीचे ओरखडे मध्ये येणार नाहीत. मग १० मिमीला एफ/५.६, ८, ११, १६ असे चार फोटो, शटर बदलून सगळ्यांचा उजेड सारखा ठेवत. पुन्हा १४ला चार आणि १८ला चार, कारण झूमचा डाग फोकल लेंग्थप्रमाणे (म्हणजे या मिमीच्या आकड्याप्रमाणे) बदलतो. लॅपटॉप नेला असेल तर उत्तम. नसेल तर कॅमेऱ्यातच पिक्चर स्टाइल मोनोक्रोम करून काँट्रास्ट शेवटपर्यंत वाढवा आणि स्क्रीनवर बघा. मधे उजळपणा दिसला तर लगेच नाही म्हणू नका, भिंतीवरचं ऊनच तिथे जास्त असेल. कॅमेरा थोडा डावीकडे वळवून परत फोटो काढा. उजळपणा भिंतीबरोबर सरकला तर तो भिंतीचा. फ्रेमच्या मधोमध ठाण मांडून बसला तर तो लेन्सचा.

एफ/१६ला डाग दिसला आणि एफ/८ला नाही, तर लेन्स बिनधास्त घ्या. एफ/१६ आपल्याला लागतच नाही. लँडस्केप म्हणजे एफ/११ किंवा १६ ही सवय आपण साध्या फोटोग्राफीतून आणतो, इन्फ्रारेडमध्ये ती नडते. छोट्या छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो आणि तरंगलांबी जितकी मोठी तितका जास्त पसरतो. हिरव्या प्रकाशात, ५५० नॅनोमीटरला, एफ/११वर एका बिंदूचा ठिपका सुमारे १५ मायक्रॉनचा पडतो. अवरक्तात, ८०० नॅनोमीटरला, तेवढाच ठिपका एफ/८लाच पडतो. म्हणजे इन्फ्रारेडमधलं एफ/८ हे मऊपणाच्या हिशेबात तुमचं ओळखीचं एफ/११ आहे. त्याच्या पुढे गेलात की डागही वाढतो आणि धारही जाते. मी एफ/५.६ आणि एफ/८ यांच्या बाहेर फारशी जातच नाही. कन्व्हर्ट केलेल्या कॅमेऱ्यावर दुपारच्या उन्हात आयएसओ २००, एफ/८ला शटर १/१०० सेकंदापेक्षा वेगवानच मिळतं. ट्रायपॉड घरी राहिला तरी अडत नाही.

डेप्थ ऑफ फील्डची, म्हणजे जवळचं आणि लांबचं दोन्ही शार्प येण्याची, काळजीही वाइडमध्ये करायला नको. तुमच्या सेन्सरवर १० मिमी, एफ/८ आणि फोकस साधारण ७० सेंटीमीटरवर ठेवलात, तर पायाशी असलेल्या तिवराच्या मुळांपासून पलीकडच्या काठापर्यंत सगळं मावतं. १८ मिमीला तोच फोकस दोन मीटरच्या थोडा पुढे न्यावा लागतो.

फोकसचं एक प्रकरण मात्र डीएसएलआरवाल्यांनी समजून घेतलंच पाहिजे. अवरक्त किरण दृश्य किरणांच्या जागी फोकस होत नाहीत, थोडे मागे होतात. जुन्या मॅन्युअल लेन्सवर अंतराच्या खुणेशेजारी एक लाल ठिपका किंवा रेघ दिसायची, ती यासाठीच: दृश्य प्रकाशात फोकस करा आणि मग ते अंतर लाल खुणेसमोर आणा. व्ह्यूफाइंडरमधून फोकस करताना डीएसएलआर आरशाखालच्या वेगळ्या सेन्सरवर विसंबते, म्हणून तिचा अंदाज चुकतो. कन्व्हर्ट करणारा माणूस हे जुळवून देतो, पण एखाद्याच लेन्सवर. दुसरी लावली की पुन्हा बोंब. उपाय सोपा आहे: लाइव्ह व्ह्यू चालू करा, म्हणजे व्ह्यूफाइंडरऐवजी मागच्या स्क्रीनवर बघून फोटो काढा. तिथे कॅमेरा मुख्य सेन्सरवरच्या अवरक्त चित्रावरच फोकस करतो, सगळे हिशेब मिटले. मिररलेसवाल्यांना हा त्रास मुळातच नाही.

तुमच्याबरोबर कुणी कन्व्हर्ट न केलेला कॅमेरा आणि लेन्सपुढे लावायचा ७२०चा फिल्टर घेऊन येणार असेल, तर त्याला हा लेख पाठवू नका, त्याचा खेळ वेगळा आहे. त्याच्या सेन्सरपुढे कंपनीने बसवलेली अवरक्त अडवणारी काच अजून जागेवर आहे. तिच्यातून झिरपलेल्या थेंबभर प्रकाशावर काम चालतं, म्हणून भर उन्हातही कित्येक सेकंदांचं एक्सपोजर लागतं. त्यातही वाइड लेन्स आली की कोपऱ्यांत किरण तिरके पडतात. ती काच तिरक्या किरणांना वेगळं वागवते, मग मध्य एका रंगाचा आणि कडा दुसऱ्याच. वर फिल्टरची जाड कड कोपरे खाते आणि फुगीर काचेच्या लेन्सवर तर फिल्टर चढतच नाही. तुम्ही कॅमेऱ्यातच फिल्टर बसवून घेतला आहे. या सगळ्यातून सुटलात.

किती वाइड, यावर माझं मत जरा वेगळं आहे. १० मिमीला तुमच्या कॅमेऱ्यात ९६ अंशांचा पसारा येतो. पहिले दोन महिने मजा वाटते, मग लक्षात येतं की आकाशाने घात केला. इन्फ्रारेडमध्ये आकाश काळं का येतं? हवेतले रेणू निळा प्रकाश जितका विखुरतात त्याच्या मानाने ८०० नॅनोमीटरचा प्रकाश फार थोडा विखुरतात. ४५० नॅनोमीटरच्या निळ्याशी तुलना केली तर साधारण दहावा हिस्सा. पण हा काळेपणा सगळीकडे सारखा नसतो. सूर्याच्या बाजूला उजळ, क्षितिजाजवळ धूळ-दमटपणामुळे उजळ, बाकी ठिकाणी गडद. ९६ अंशांत हे सगळंच येतं आणि आकाश एका बाजूला काळं, दुसऱ्या बाजूला राखाडी, उसवलेल्या गोधडीसारखं दिसतं. नवखी मंडळी त्यालाच हॉटस्पॉट समजून लेन्स विकून टाकतात! मी बहुतेक फोटो १४ ते १६ मिमीच्या आसपास काढते. १४ला ७७ अंश मिळतात, खाडीला ते पुरतात. १० मिमी मी येऊरच्या झाडीत शिरल्यावरच वापरते. तिथे आकाश फटीफटीतून दिसतं आणि खालून वर बघताना पांढरी पानं चारी बाजूंनी अंगावर येतात.

पानं पांढरी दिसतात ती हरितद्रव्यामुळे, असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. ते उलटं आहे. हरितद्रव्य अवरक्ताला जवळपास पारदर्शक असतं. पानाच्या आतल्या पेशी आणि त्यांच्यामधली हवा यांच्यात तो प्रकाश इकडून तिकडे आपटत बाहेर येतो. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी असे फोटो १९१०मध्ये प्रसिद्ध केले, म्हणून याला वुड इफेक्ट म्हणतात. लाकडाशी त्याचा संबंध नाही. आपल्यापुरता अर्थ असा, की पान ताजं आणि रसरशीत हवं. मार्च-एप्रिलात येऊरचा साग पानं गाळून उभा असतो, तेव्हा कितीही भारी लेन्स नेलीत तरी हाती खराटेच लागतात. जुलैत हिरवळ ओसंडत असते पण ऊन नसतं, आणि ढगाळ प्रकाशात इन्फ्रारेड सपाट दिसतं. सप्टेंबरच्या शेवटापासून नोव्हेंबरपर्यंतचे दिवस आपले. पावसाळ्यातही मधेच तासभर उघडीप मिळाली तर सोडू नका. काळ्या आकाशात तसे कापसाचे ढग पुढे वर्षभर मिळत नाहीत.

डिसेंबर-जानेवारीतल्या धुरक्याबद्दल एक गैरसमज आहे, की इन्फ्रारेड ते कापून काढतं. बारीक निळसर धुकट असेल तर हो, पलीकडचे डोंगर पुढे येतात. पण आपल्याकडचं धुरकं धुळीच्या आणि पाण्याच्या मोठ्या कणांचं असतं, ते अवरक्तालाही जवळपास तितकंच अडवतं. पारसिकच्या टेकडीवरून पलीकडचं ठाणं दिसत नसेल तर इन्फ्रारेडमध्येही ते दिसणार नाही.

खाडीसाठी थोडं वेगळं सांगते, कारण तुमचा खरा जीव तिथे अडकलेला दिसतो. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ला जाहीर झालं आणि २०२२मध्ये त्याला रामसर यादीत जागा मिळाली. पण इन्फ्रारेड वाइडमध्ये फ्लेमिंगोंचा विचार सोडून द्या. त्यांचा गुलाबी रंग अवरक्तात उरत नाही आणि १० मिमीला पक्षी म्हणजे तांदळाचा दाणा. इथला नायक तिवर. कांदळवनाचा तो अख्खा पट्टा बर्फासारखा पांढरा होतो. पाणी काळं येईल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. स्वच्छ, खोल पाणी काळं येतं. आपल्या खाडीचं पाणी गाळाचं आणि गाळ अवरक्त परतवतो, त्यामुळे ते शिशासारखं राखाडी येतं. भरतीला जरा गडद, ओहोटीला चिखलच चिखल. मी वाशीच्या सागर विहारला आणि ऐरोलीच्या बाजूला भरतीची वेळ बघूनच जाते. तळ्यांचंही तेच: पाणी मोकळं असेल तर आरशासारखं काळं, आणि जलपर्णी माजली असेल तर तळ्याच्या जागी पांढरं मैदान. सकाळी ऐरोलीच्या काठावरून पूर्वेकडे पाठ करून ठाण्याच्या बाजूला बघितलं तर ऊन तिवरांवर समोरून पडतं. संध्याकाळी ठाण्याच्या काठावरून उलट.

सूर्याकडे पाठ, हे मी वाइडसाठी दोनदा सांगेन. कोटिंग काम करत नसल्यामुळे फ्लेअर, म्हणजे उन्हाच्या तिरिपीने फोटोवर चढणारी चमक, साध्या फोटोपेक्षा कितीतरी जास्त येतो. एरवी ज्या लेन्सने सूर्य फ्रेममध्ये घेऊनही स्वच्छ फोटो काढता, तीच इथे धुरकटलेली दिसते. वाइड लेन्सचा हूड बशीएवढा उथळ, त्याचा उपयोग यथातथाच. मी टोपी काढून लेन्सवर धरते. दर पाचव्या फोटोत टोपी येते, ती कापायची. पोलरायझरवर (आकाश गडद करायला लेन्सपुढे लावतात त्या फिल्टरवर) पैसे घालवू नका, बरेचसे पोलरायझर अवरक्तात काहीच करत नाहीत, वरून दोन चमकणारे पृष्ठभाग वाढवतात. संरक्षणासाठी लावलेला साधा यूव्ही फिल्टरही काढून ठेवा.

सेकंडहँड घ्यायला मुंबईत सीएसएमटीजवळचा बोरा बाजार आहेच, लोकलने तासाभरात पोचाल. डाग तपासण्याआधी बुरशी तपासा. आपल्या किनारपट्टीच्या दमट हवेत कपाटात ठेवलेली लेन्स दोन पावसाळ्यांत जाळं धरते. मोबाइलचा टॉर्च मागून मारा, ॲपर्चर पूर्ण उघडून पुढून तिरकं बघा. कोळिष्टकासारखे तंतू दिसले तर लेन्स खाली ठेवा, भाव पाडून देत असला तरी. इन्फ्रारेडच्या फ्लेअरमध्ये ते तंतू धुरळा होऊन उठतात. घरी हवाबंद डबा आणि सिलिका जेल, तेही निळ्याचं गुलाबी झालं की तव्यावर मंद आचेवर परतून परत निळं केलेलं. तवा स्वयंपाकाचा नको.

राहिली १४ मिमीची मॅन्युअल प्राइम. या प्रकारातल्या बऱ्याच लेन्सची पुढची काच फुगीर असते, तिच्यावर फिल्टर चढत नाही, पण तुम्हाला तो चढवायचाच नाही. मॅन्युअल फोकसची अडचण नाही, कारण एकदा लाइव्ह व्ह्यूमध्ये फोकस जुळवून रिंगवर चिकटपट्टी लावली की दिवसभर हात लावायला नको. फोकल लेंग्थही मला आवडते तीच. माझी भीती एकच: ती फुगीर काच चहूबाजूंनी ऊन गोळा करते, आणि खाडीवर सावली कुठे आहे? पण बोरा बाजारात १०-१८ आणि १४ दोन्ही शेजारी शेजारी मिळाल्या, दोन्ही बाहेर उन्हात लावून बघितल्या आणि एफ/८ला १४ जास्त स्वच्छ निघाली, तर माझा सल्ला विसरा आणि १४ उचला. मीही तेच केलं असतं.

लेन्स येईपर्यंत किट लेन्स फेकू नका. ती एफ/५.६ला उघडी ठेवून काढा, गोल पुष्कळ पसरेल आणि फिका पडेल. तेवढ्याने भागलं नाही तर दुधी ॲक्रिलिकचा एक तुकडा लेन्सला टेकवून, त्याच एफ नंबरला आणि त्याच झूमला, उन्हाकडे एक कोरा फोटो काढून ठेवा. डाग त्यात एकटा सापडतो आणि सॉफ्टवेअरमध्ये खऱ्या फोटोतून तो बराचसा वजा करता येतो. मासुंद्याचे ते चाळीस फोटो मी याच युक्तीने सोडवायला बसले होते. नऊ वाचले.